ओलावा आढळला

४ मार्च
नाक: दोन्हीकडून बंद. वाफारा: अजून सुरू नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आज ही वही ठेवायला सांगितली. नाक कसं आहे आणि वाफारा किती वेळा घेतला, एवढंच रोज लिहायचं आणि महिन्याने दाखवायला आणायचं. मी म्हटलं, डॉक्टर, एकोणीस वर्षं लोकांच्या ओलाव्याच्या नोंदी ठेवतोय, आता स्वतःच्या ठेवतो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांच्याकडे बहुधा विनोदाचाही वेगळा विभाग असावा.

वही त्यांच्या हातात जाणार म्हणून माझं काम थोडक्यात लिहून ठेवतो. मी मोबाइलच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तपासनीस आहे. प्रत्येक फोनमध्ये टाचणीच्या डोक्याएवढे दोन पांढरे ठिपके चिकटवलेले असतात, एक सिमच्या कप्प्यात आणि एक आत बोर्डावर. पाणी लागलं की ठिपका लाल होतो आणि एकदा लाल झाला की ब्रह्मदेव आला तरी पांढरा होत नाही. पांढरा असेल तर वॉरंटी लागू. लाल असेल तर मी पत्रावर ‘ओलावा आढळला’ असा शिक्का मारतो आणि गिऱ्हाईक आयुष्यभर माझ्या नावाने खडे फोडतं. शिक्का माझ्या खणात असतो आणि खणाची किल्ली माझ्या खिशात.

६ मार्च
नाक: बंद. वाफारा: तीन.

बायकोने वाफेचं यंत्र आणलं. "घरी ठेवलंत तर दोन दिवसांत माळ्यावर जाईल. ऑफिसात न्या आणि मुकाट्याने घ्या," म्हणाली. एकोणतीस वर्षांच्या संसारात तिने मला ‘मुकाट्याने’ हा शब्द लावल्याशिवाय काही करायला सांगितलेलं नाही.

माझी खोली सेंटरच्या मागच्या बाजूला आहे. आठ बाय सहा, काचेची, खिडकी नाही. दाराला रबराची पट्टी, कारण उघड्या फोनला धूळ चालत नाही. थंड हवेचं यंत्र आहे, पण ते माझ्या नाकाला चालत नाही म्हणून बंद. टेबल एकच आणि प्लगही एकच. साडेदहाला मी दिवसाचे पाच फोन उघडून ट्रेमध्ये ओळीने मांडतो. अकराला त्याच टेबलावर यंत्र लावून डोक्यावरून टॉवेल घेतो आणि दहा मिनिटं वाफ ओढतो. मग भिंग डोळ्याला लावून ठिपके पाहायचे. बंद नाकाने निकाल द्यायचा नाही, हा आजपासूनचा नियम. नाक मोकळं झालं की डोकं मोकळं होतं आणि मग नजर साफ होते. चारचा वाफारा ऑफिसातच आणि तिसरा घरी, पातेल्यातल्या पाण्याचा.

आज पाचपैकी चार लाल निघाले. इतके दिवस एक, फार तर दोन निघायचे. म्हणजे इतके दिवस माझ्या तुंबलेल्या नाकाचा फायदा घेऊन किती लबाड सुटले असतील, याचा विचार करून वाईट वाटलं.

११ मार्च
नाक: डावं किंचित मोकळं. वाफारा: तीन.

पाचपैकी पाच लाल.

एक गृहस्थ सांगत होता, फोन पाण्याच्या जवळही गेला नाही. मी विचारलं, आंघोळीला जाताना कुठे ठेवता? म्हणाला, कपाटात. कपाटात! फोन नव्हे, दागिना. एक जण म्हणाला, मी फोनला प्लॅस्टिकची पिशवी घालून वापरतो. जो माणूस फोनला पिशवी घालतो त्याला कशाची भीती आहे, हे न कळायला मी काय दुधखुळा आहे? आणि एक आजीबाई नुसत्याच रडल्या. रडतानाही फोन धरलेला होता, डोळ्यांच्या बरोबर खाली. मी नुसतं बोट दाखवलं.

१२ मार्च
नाक: बंद. वाफारा: तीन.

काउंटरवरची बाई आज माझ्याशी वाद घालायला खोलीत आली. फोन घेताना गिऱ्हाइकासमोर सिमच्या कप्प्यातला ठिपका पाहायचा, त्याचा फोटो काढायचा आणि रंग लिहायचा, हे तिचं काम. तिच्या वहीत सगळे पांढरे. सगळं ऑफिस तिला ‘पांढरी’ म्हणतं आणि ती त्यावर हसतेही.

"काका, कालचे पाचही मी पाहिले तेव्हा पांढरे होते."

"तू बाहेरचा ठिपका बघतेस. मी आतला बघतो."

"फोन तुमच्याकडून परत आल्यावर मी बाहेरचाही पाहिला. तोही लाल होता."

"म्हणजे आधी नीट पाहिला नव्हतास."

ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "काका, तुमच्या काचांना घाम आलाय." मी म्हटलं, काचांना येऊ दे, कामाने आलेला आहे. ती गेली. चष्म्याच्या दुकानाचा पत्ता तिला चिठ्ठीवर लिहून पाठवला. मनात काही ठेवायची सवय मला नाही.

१७ मार्च
नाक: उजवं मोकळं. वाफारा: तीन.

आज मॅनेजर स्वतः खोलीत आला. चार वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा आला होता तो दार चुकून. खुर्चीत बसला, माझ्या नाकाची चौकशी केली, ट्रेकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, परत ट्रेकडे पाहिलं. मग म्हणाला, "काका, मुख्य ऑफिसने तुमचं नाव विचारलंय. सगळ्या शाखांत सगळ्यात जास्त खोटे क्लेम तुम्ही पकडता." आणि जाता जाता, "वाफारा अजिबात चुकवू नका हं. तब्येत आधी."

दुपारी त्याने शिपायाबरोबर नवीन यंत्र पाठवलं, ऑफिसतर्फे. जुन्याच्या दुप्पट मोठं. नळी इतकी जाड की वाफ अंगावर आली की खोली दिसेनाशी होते. खरं सांगतो, डोळे भरून आले. सख्ख्या भावाने कधी माझ्या नाकाची एवढी काळजी केली नाही.

एक तक्रार मात्र आहे. शिक्क्याची शाई हल्ली कागदावर पसरते. हलकी शाई आणतात.

१९ मार्च
नाक: ठीक. वाफारा: तीन. नवीन यंत्र उत्तम.

पाचपैकी पाच. त्यातला एक फोन कुठल्याशा सिमेंटच्या गोदामाचा. पाठीवर पांढरट धूळ, कडेला सुतळी बांधलेली. इतका कोरडा दिसत होता की नवखा फसला असता. भिंग लावलं, आतला ठिपका लालभडक. शिक्का.

२१ मार्च
नाक: पुन्हा बंद, कारण सकाळचा वाफारा हुकला.

नवीन यंत्राचा फ्यूज गेला आणि जुनं घरी. बंद नाकाने निकाल द्यायचा नाही हा नियम मोडावा लागला, नाइलाज. पाच फोन पाहिले. पाचही पांढरे. भिंग पुसून पुन्हा पाहिले, तरी पांढरे. वर्षातून एखादा दिवस असा येतो की पाचच्या पाच गिऱ्हाइकं प्रामाणिक निघतात. फार कौतुक वाटलं. मॅनेजरला मात्र तसं वाटलं नसावं, दोनदा येऊन फ्यूजची चौकशी करून गेला. चार वाजता नवीन फ्यूज बसला. देवमाणूस.

२४ मार्च
नाक: मोकळं. वाफारा: तीन.

सिमेंटच्या गोदामवाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, भुवयांवर करडी धूळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. काउंटरवर थांबायचं सोडून थेट माझ्या दारात उभ्या.

"तुम्हीच का ते?"

"कोण ते?"

"ज्यांना ओलावा आढळतो."

मी बसा म्हटलं. बसल्या नाहीत. दारातून एक पाऊल आत टाकलं, हवा हुंगली आणि पाऊल मागे घेतलं, जणू मी आत कुत्रं बांधलंय. म्हणाल्या, "सव्वीस वर्षं मी गोदाम सांभाळते. ओल लागली की पोत्याचा दगड होतो, साहेब. माझ्या हातून एक पोतं दगड झालेलं नाही. आम्ही आत पाण्याची बाटलीसुद्धा नेत नाही. तहान लागली तर रस्ता ओलांडून जाते मी. आणि हा फोन माझ्या टेबलाला सुतळीने बांधलेला असतो, रोज आल्यागेल्या मालाचा फोटो मालकाला पाठवायला. त्याच्यात पाणी आलं कुठून?"

"घाम असेल."

"फोनला?"

"ठिपका खोटं बोलत नाही, बाई."

"मग मी बोलते?"

"असं मी म्हटलेलं नाही."

"लिहिलंय की," त्या म्हणाल्या आणि माझा शिक्का मलाच दाखवला.

मग त्यांनी सांगितलं ते असं. पत्र मालकाच्या हातात पडलं. फोन गोदामाबाहेर जात नाही आणि फोनमध्ये ओल आहे, म्हणजे गोदामात ओल आहे, असा त्याचा हिशेब. आत साडेतीन हजार पोती आहेत, फोडून पाहिल्याशिवाय कळत नाही. पाच तारखेला नवा माल यायचा आहे, त्याआधी किल्ल्या दुसऱ्याच्या हातात देतो म्हणाला. मी म्हटलं, तुमची नोंदवही दाखवा ना त्यांना. म्हणाल्या, "दाखवली. मालक म्हणतो, ती तू हाताने लिहितेस. हे शिक्क्याचं आहे."

वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सव्वीस वर्षांत माणसाची नजर मरते. पोत्यांवरचा विश्वास आपल्या जागी, पण माझ्या भिंगासमोर तो कसा टिकणार? त्यांना समजावलं की तपासणी समोर बसून पाहायची असेल तर लेखी अर्ज करता येतो. अर्ज कोणी करत नाही, म्हणूनच तो नियम आहे.

२५ मार्च
नाक: मोकळं. वाफारा: तीन.

जेवताना बायकोला सांगितलं. तिने भाजी वाढायची थांबवली. "त्या बाईंच्या किल्ल्या जाणार आणि तुम्ही चवीने जेवताय."

"मग काय उपाशी राहू? मी ठिपका लाल केला का?"

"ते मला काय माहीत. तुमच्या शर्टांना मात्र पंधरा-वीस दिवस कोंदट वास येतोय. धुतले तरी जात नाही. ऑफिसात बसता की विहिरीत?"

बायकांना कुठल्या विषयावरून कुठे जायचं याला काही धरबंध नसतो.

२८ मार्च
नाक: मोकळं. वाफारा: तीन.

मुख्य ऑफिसचं प्रमाणपत्र आलं. ‘तीक्ष्ण नजर’ असं लिहिलंय, सोनेरी अक्षरात. मॅनेजरने टाळ्या वाजवल्या, शिपायाने वाजवल्या, पांढरीने फोन वाजल्याचं निमित्त केलं. फोन वाजला नव्हता. प्रमाणपत्र खोलीत लावलं.

३१ मार्च
नाक: मोकळं. वाफारा: तीन.

प्रमाणपत्र तीन दिवसांत गुंडाळी होऊन चौकटीतून निसटलं. सोनं पसरलंय. कागदसुद्धा धड आणत नाहीत.

१ एप्रिल
नाक: मोकळं. वाफारा: तीन.

गोदामवाल्या बाईंनी खरंच अर्ज केला! पांढरीने लिहून दिला म्हणे. नियम म्हणजे नियम, मॅनेजर आज मुख्य ऑफिसला गेलेला, मी बाईंना आत घेतलं. दाराशी पांढरी साक्षीदार म्हणून उभी. बाईंनी पिशवीतून घड्याळासारखं एक गोल मीटर काढून टेबलावर ठेवलं. हवेतला दमटपणा मोजतं म्हणे. मी म्हटलं, ठेवा, शोभेला बरं दिसतंय.

साडेदहाला पाच फोन उघडून मांडले. बाईंनी विचारलं, "आत्ता पाहू का भिंगातून?" पाहा म्हटलं, माझं काय जातंय. त्यांनी पाहिलं, मग पांढरीने पाहिलं. काय दिसलं ते मी विचारलं नाही, अनुभव नसलेल्या माणसाला भिंगात स्वतःच्या पापण्या दिसतात. मग मी त्यांना माझा नियम सांगितला, बंद नाकाने निकाल नाही, आणि टॉवेल घेऊन बसलो. दहा मिनिटं. टॉवेलखाली बाहेरचं काही ऐकू येत नाही, तो एक फायदाच आहे.

टॉवेल काढला तेव्हा दोघी माझ्याकडे पाहत होत्या. मीटरचा काटा पार दुसऱ्या टोकाला गेलेला. स्वस्तातलं मीटर असावं. मी ठिपके पाहिले, पाचही लाल, आणि तसं जाहीर केलं. वाटलं होतं बाई आता भांडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही नोंद ठेवता का काही?"

मला बरं वाटलं. एकोणीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाने माझ्या नोंदीची विचारपूस केली नव्हती. निकालांची वही दिली. आणि अंगी शिस्त काय असते ते कळावं म्हणून खणातून ही वहीसुद्धा काढून दिली, नाकाची. बाईंनी तिथेच उभ्यानं वाचली. मध्ये पेन्सिल मागून घेतली. पंधरा मिनिटं लागली. मग दोन्ही वह्या परत दिल्या, मीटर पिशवीत घातलं.

"अक्षर छान आहे तुमचं," म्हणाल्या आणि गेल्या.

किल्ल्यांचं काही बोलल्या नाहीत. पटलं असणार.

२ एप्रिल
नाक: मोकळं. वाफारा:

आज सकाळी ही वही उघडली. बाईंनी पेन्सिलने खुणा केल्या आहेत. मला वाटलं, आवडलेल्या जागा असतील.

‘वाफारा: तीन’ असं जिथे लिहिलंय तिथे प्रत्येक ठिकाणी छोटी बरोबरची खूण, आणि शेजारी निकालांच्या वहीतला त्या दिवसाचा लाल फोनांचा आकडा. चार. पाच. पाच. पाच. एकवीस मार्चला वाफारा हुकला म्हणून लिहिलंय, तिथे खूण नाही, गोल आहे. शेजारी शून्य. ‘फार कौतुक वाटलं’ याखाली एक रेघ. बाकी एक अक्षरही लिहिलेलं नाही. चोवीस तारखेच्या पानावर मी त्यांच्याबद्दल जे लिहिलंय तिथेही काही नाही. नजर मरते म्हणून लिहिलंय तिथेसुद्धा नाही.

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं. मग चौथ्यांदा वाचलं, न कळेल या आशेने.

भंगाराच्या पेटीतून पाच जुने बोर्ड काढले. पाचही ठिपके भिंगातून पाहिले, पांढरे. ट्रेमध्ये मांडले, यंत्र लावलं, टॉवेल न घेता समोर बसून राहिलो. सातव्या मिनिटाला पहिल्याच्या कडेला गुलाबी रेघ आली. अकराव्या मिनिटाला पाचही लाल.

एकोणीस वर्षं मी लोकांना सांगतोय, ठिपका खोटं बोलत नाही. तो खरोखरच खोटं बोलत नव्हता. ओलावा होता. त्या आजीबाई डोळ्यांखाली फोन धरून रडल्या आणि मी बोट दाखवलं. मला लाज वाटते, एवढं डॉक्टरांना कळलं तरी चालेल.

पांढरीला आत बोलावलं. ती आली आणि काही न सांगता समजली. तिच्या नोंदीप्रमाणे सहा मार्चपासून आत येताना पांढरे असलेले आणि माझ्याकडून लाल होऊन गेलेले फोन एकोणऐंशी. "फोटो आहेत सगळ्यांचे, काका." मी म्हटलं, बोलली का नाहीस? म्हणाली, "बोलले होते. तुम्ही चष्म्याच्या दुकानाचा पत्ता दिलात."

३ एप्रिल
नाक: बंद. वाफारा: नाही.

मॅनेजरला सगळं सांगितलं. पाच बोर्ड दाखवले. त्याने ते पाहिले नाहीत, माणूस आधी पाहिलेली गोष्ट पुन्हा पाहत नाही तसे बाजूला सारले.

"काका, एकाला पत्र दिलंत तर एकोणऐंशी जण दारात उभे राहतील."

"राहतील."

"मुख्य ऑफिस काय म्हणेल? आत्ताच प्रमाणपत्र दिलंय."

"गुंडाळी झालं ते."

त्याने दार लावून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "यंत्र मी तुम्हाला तब्येतीसाठी दिलं होतं, हे लक्षात ठेवा."

मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"मला कशाला माहीत असायला पाहिजे?" तो म्हणाला. "तपासनीस तुम्ही आहात."

मी पाचही बोर्ड उचलले आणि बाहेर आलो. त्याला देवमाणूस म्हणालो होतो, तेही शाईने.

बायकोला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. तिने शर्ट नाकाशी नेला आणि म्हणाली, "तरीच." थोड्या वेळाने म्हणाली, "मशीन मीच आणलं ना हो." मग तिने ते जुनं यंत्र उचलून माळ्यावर टाकलं.

४ एप्रिल
नाक: बंद. वाफारा: नाही.

पत्र लिहिलं. मायना लिहिता लिहिता तीन कागद गेले, एकोणीस वर्षं नकाराचाच मायना लिहिलाय ना. शेवटी असं लिहिलं: ‘आपला फोन तपासणीला आला तेव्हा कोरडा होता, त्याचा फोटो सोबत जोडला आहे. ओलावा आढळला तो तपासनिसाच्या खोलीत, आणि तो तपासनिसाने स्वतः केला. आपल्या गोदामाचा त्याच्याशी काही संबंध नाही. वॉरंटी लागू आहे.’ खाली सही. खणातून शिक्का काढला. ‘ओलावा आढळला’ याखेरीज दुसरा शिक्का माझ्याकडे नाही, तोच मारला, सहीच्या शेजारी. शाई पसरली नाही. दोन दिवस खोली कोरडी होती.

पांढरी आणि मी दुपारभर बाकीची अठ्ठ्याहत्तर पत्रं पाकिटांत घालत होतो. ती म्हणाली, काका, मेसेज टाकू या, लवकर होईल. मग आम्हा दोघांच्याही लक्षात आलं की मेसेज जाणार कुठे, फोन तर सगळे बंद आहेत. पोस्टाने टाकली.

संध्याकाळी मॅनेजरने शिक्का आणि किल्ली मागून घेतली. तब्येत बरी होईपर्यंत घरीच थांबा म्हणाला. तब्येत कधी बरी होईल ते मुख्य ऑफिस कळवणार आहे.

५ एप्रिल

गोदामाचं पत्र पोस्टाने वेळेत पोचलं नसतं, म्हणून स्वतः घेऊन गेलो. गाव संपतं तिथे रस्त्याकडेला लांबलचक पत्र्याची शेड, दाराशी स्टूल, स्टुलावर बाई. पलीकडे मालक उभा, आणि त्याच्याशेजारी पायाने माती उकरत एक तरुण, बहुधा किल्ल्या घ्यायला आलेला. बाईंचा जुडगा अजून कमरेला होता, पण हात त्याच्यावर होता, काढू की थांबू अशा बेताने.

पत्र मी मालकाच्या हातात दिलं. त्याने वाचलं. शिक्का पाहिला, मग मला वरून खाली पाहिलं. "हे तुम्हीच लिहिलंय? स्वतःविरुद्ध?" हो म्हटलं. त्याने पत्र पुन्हा वाचलं, घडी घातली आणि बाईंकडे न पाहता बाईंच्या हातात दिलं. "माल अकराला येतोय. उतरवून घे," म्हणाला आणि त्या तरुणाला घेऊन निघून गेला. माफी कुणी मागितली नाही. बाईंनी जुडग्यावरचा हात काढला आणि पत्र नोंदवहीत ठेवलं, आजच्या पानाशी.

मी माफी मागायचं ठरवून गेलो होतो, रस्ताभर वाक्य घोकलं होतं. तिथे मात्र म्हणालो, "आत पाहू का एकदा? पोती?"

दारातून नुसती सावली दिसत होती आणि त्या सावलीत छतापर्यंत रचलेल्या थप्प्या. आतून येणारी हवा कोरडी होती, इतकी कोरडी हवा मी महिनाभरात घेतली नव्हती. त्या हवेनेच असेल, माझं सगळं वाहायला लागलं. रुमाल काढला.

बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, जरा निरखूनच. भिंग नव्हतं एवढंच.

"आत नाही जाता येणार, साहेब," त्या म्हणाल्या. "ओलं काही आत घेत नाही आम्ही."

मग त्यांनी नोंदवही उघडली आणि लिहिलं, मला दिसेल असं धरून: ‘दहा वाजून चाळीस. एक गृहस्थ. ओलावा आढळला. दारातून परत.’ वही माझ्यापुढे केली. ज्याला परत पाठवतात त्याने सही करायची, असा तिथला नियम आहे.

मी सही केली. त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, "अक्षर छानच आहे हो." या वेळी त्या थोडं हसल्या. मग रस्ता ओलांडून समोर गेल्या आणि माझ्यासाठी एक ग्लास पाणी घेऊन आल्या. ते मी शेडपासून वीस पावलांवर उभं राहून प्यायलो.

नाक: वाहतं. वाफारा: नाही. डोळ्यांची नोंद ठेवायला डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.